डाव्या हाताला ठेवलेलं पान

मी राहते त्या घराच्या मालकीणबाईंची नात परवा उंबऱ्यावर बसून एक कागद लिहीत होती. मोठा कागद, त्यावर मुंगीएवढं अक्षर, मधेच चौकटी, बाण, लाल शाईच्या रेघा. मी समोर मेथी निवडत बसले होते.

"कसलं गं एवढं?" मी विचारलं.

"उद्याच्या पेपराचं. हा कागद आत न्यायचाय."

"आत म्हणजे?"

"पेपरात, काकू. मॅडमनीच सांगितलंय. स्वतः लिहिलेला असला की चालतो."

मी उठले आणि दार लोटून घेतलं. उजेड गेला म्हणून ती कुरकुरली. "दार कशाला लावलं?" मला पाठीमागं कुणीतरी येऊन उभं राहिलंय, आता खांद्यावरून हात पुढं येईल आणि कागद उचलेल, असं वाटत होतं. तिनं उठून दार पुन्हा उघडलं आणि लिहीत बसली. तिला कशाची भीती असणार?

हे गाव आमच्या परभणीपासून फार लांब आहे. कर्नाटकाच्या हद्दीत, साखर कारखान्याच्या भोंग्यावर उठणारं आणि निजणारं. मालकीणबाई अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलतात. नवरा वारला आणि आमची ऊसतोडीची टोळी मला सोडून पुढच्या फडाला निघून गेली, तेव्हा या बाईंनी मागची खोली मला दिली. बरीच वर्षं झाली त्याला. त्यांचे उपकार माझ्यानं फिटायचे नाहीत. तरी अजून त्यांनी जरा मोठ्यानं हाक मारली की वाटतं, आता खोली रिकामी कर म्हणतील. असा माझा स्वभाव होऊन बसलाय. तो कुठून झाला ते त्या पोरीला सांगायला हवं होतं. सांगवलं नाही. म्हणून लिहिते.

आमचं गाव जिंतूरच्या रस्त्याला, झरी सोडलं की पुढं फाट्यावरून आत. घरचा तुकडा कोरडवाहू, त्यात सगळ्यांचं वर्ष काही निघायचं नाही. दसरा झाला की आम्ही उसाला जायचो ते गुढीपाडव्याच्या पुढंमागं परत यायचो. निम्म्या गावाचं असंच होतं. त्यामुळं शाळेतही पोरं दोन जातीची. वर्षभर असणारी आणि पावसाळ्यापुरती असणारी. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर आम्ही पावसाळी पोरं काळवंडलेल्या तोंडानं, पाचटानं चिरलेल्या हातांनी वर्गात येऊन बसायचो आणि फळ्यावरचं बघत राहायचो. आम्ही गेलो तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म झालेला असायचा, आलो की पेशवाई बुडालेली असायची.

मी आठवीत होते तेव्हा इतिहास-भूगोलाला नवे सर आले. परभणीच्या पलीकडच्या खेड्यातले. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत त्यांची वस्ती जळाली होती, ते तेव्हा कॉलेजात होते. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. गावानं सांगितलं, आणि सांगताना आवाज बारीक केला. सर उंच, हडकुळे, झरीत खोली घेऊन राहायचे, तिथून सायकलवर यायचे. कुणाच्या घरी पाणी पीत नसत. म्हणजे कुणी विचारत नसे, आणि ते विचारायची वेळ येऊ देत नसत.

त्यांच्या पहिल्याच वार्षिक परीक्षेत आम्ही पावसाळी पोरांनी जवळजवळ कोरे पेपर दिले. सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाले, "हे बघा, तुमी निम्मं वर्ष इथं नसता, हा काही तुमचा गुन्हा न्हाई. पण पेपर काही तुमच्या मागं उसाच्या फडात येणार न्हाई. मग करायचं काय?"

सरांनी एक कोरा फुलस्केप उचलून दाखवला.

"पुढच्या साली पेपराला येताना एक पान घेऊन यायचं. एकच, फुलस्केपचं. त्याच्यावर काय पाहिजे ते लिहायचं. बघून लिहिलं तरी मी काही म्हणणार न्हाई."

वर्गात कुजबुज झाली. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, म्हंजी कॉपी?"

"कॉपी झाकून करतेत. हे बाकावर ठेवायचं. डाव्या हाताला, उघडं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे. झाकलं की चोरी, मग मी सोडणार न्हाई." मग थोडं हसून म्हणाले, "जेवताना डाव्या हाताला चटणी असती का न्हाई? तसं समजा. चटणीनं पोट भरत नसतं, पण भाकर खाली उतरती."

"सर, आमच्यात नुसती चटणीच असती," तोच पोरगा म्हणाला.

सगळे हसले. सरही हसले. "मग तू बारीक अक्षर काढ."

पण त्याचे कायदे कडक होते. अक्षर आपलंच पाहिजे. पुस्तकातलं, गाईडातलं वाक्य जसंच्या तसं सापडलं की पान बाद. आपल्याला कळलेलं आपल्या शब्दांत लिहायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी सर एकेकाला जवळ बोलवायचे, वहीतलं अक्षर आणि पानावरचं अक्षर शेजारी धरून बघायचे. जुळलं की म्हणायचे, "अक्षर हिचंच हाय," आणि कोपऱ्यात लाल टिंब द्यायचे. दुसऱ्याकडून लिहून आणलेलं पान ते वर्गासमोर परत करायचे. नापास होण्यापेक्षा ती लाज मोठी होती.

गावात बोभाटा झालाच. पारावरची माणसं शाळेतून येणाऱ्या पोरांना अडवून विचारायची, "काय रं, झाल्या का कॉप्या?" एक जण माझ्या दादांना म्हणाला, "बघून बघून पास झालेला मास्तर हाय. त्याला दुसरं काय येणार?" वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते कळलं नाही.

नववीला मी असं पान केलं की सरांनी ते परीक्षा झाल्यावर भिंतीला लावलं. एका बाजूला नद्या, दुसऱ्या बाजूला लढाया. तहाच्या कलमांना मी उसाच्या मोळीसारखी चित्रं काढली होती, एका मोळीत एक तह. सर सगळ्यांना म्हणाले, "हिनं बघा, इतिहास बांधून आणलाय." आयुष्यात माझं कौतुक त्यापुढं कुणी तसं केलेलं मला आठवत नाही. त्या पेपरात मी वर्षभर शाळेत बसणाऱ्यांच्या पुढं गेले. पोरांसारखंच मलाही वाटलं, पान बघितलं म्हणून गेले.

दहावीचं वर्ष लागलं तेव्हा झरीकडचं एक स्थळ विचारून गेलं. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. मुकादमाच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्याला टोळीत कुणी धरत नाही. म्हणून दसरा जवळ आला की आमच्या भागात लग्नांची घाई उठायची. झरीचा पोरगा अर्धा कोयता होता.

मला नर्स व्हायचं होतं. लस टोचायला एक नर्सबाई गावात यायच्या. पांढरी साडी, हातात पेटी. पाटलाच्या वाड्यातही त्यांना खुर्ची मिळायची. त्यांनीच सांगितलं होतं, दहावी हो, मग परभणीला ये, मी सांगते कुठं जायचं ते.

मी आईकरवी दादांना विचारलं. दादांनी बराच वेळ तंबाखू मळली.

"धाव्वी पास झाली तर शिकू दे," ते आईला म्हणाले, मी समोरच असून. "इम्तेहान एकच डाव द्यायचा. न्हाई झाली तर पुढल्या सालच्या दसऱ्याला कोयता पुरा करायचा. मग माझ्यासमोर रडायचं न्हाई."

"न्हाई रडणार," मी म्हणाले.

दसऱ्यानंतर निघायच्या दिवशी मी शाळेत सांगायला गेले. सर व्हरांड्यात सायकलीची साखळी बसवत होते. हात काळे झालेले. म्हणाले, "पुस्तक न्यायलीस ना? पान करत जा. एकेक धडा झाला तरी लय झालं." एवढंच बोलणं झालं. बाहेर ट्रक उभा होता, दादा हाका मारत होते.

फडावर दिवस असे जायचे की काही आठवत नाहीत. पहाटे आई-दादा तोडायला लागायचे, मी मोळ्या बांधायची, मग उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करायची, मग भाकरी. पुस्तक मी पाण्याच्या घागरीमागं ठेवायची. फुलस्केप कागद तिथं कुठला? कारखान्याच्या काट्यावर गाडीचं वजन झालं की एक पावती मिळायची, पाठकोरी. मुकादमानं बघून टाकलेल्या पावत्या मी गोळा केल्या. ज्वारीच्या पिठाची खळ केली आणि एकेक पावती दुसरीला चिकटवत फुलस्केपच्या मापाचं पान तयार केलं. सरांनी भिंतीवरून काढून परत दिलेलं नववीचं पान शेजारी ठेवून माप घेतलं होतं.

आई विचारायची, "काय लिव्हायलीस गं?"

"पेपराचं."

"एवढं बारीक दिसतंय तरी का?"

"मला दिसतं."

तिला वाचता येत नव्हतं. पण ती त्या पानाला फार जपायची. पाऊस आल्यासारखं झालं की आधी पान पिठाच्या डब्यात ठेवायची. एकदा माझ्या लहान भावानं त्यावर हात पुसला तर तिनं त्याला मारलं. त्या पानानं आपल्या पोरीचं काहीतरी होणार, हे तिनं माझ्यापेक्षा जास्त धरलं होतं.

मार्चमध्ये परीक्षा, आणि कारखान्याचा पट्टा तर पडलेला नाही, गाळप चालूच. दादा येऊ शकत नव्हते. टोळीतल्या एक आजी आजारी पडून गावाकडं निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर मला एसटीत बसवून दिलं. सेंटर जिंतूरला होतं. तिथं माझी मावशी राहायची, मी सरळ तिच्याकडंच उतरले. गावाला गेले नाही, शाळेत गेले नाही. माझं हॉल तिकीट वर्गातल्या मैत्रिणीजवळ सरांनी दिलं होतं, ते तिनं पहिल्या पेपराला फाटकात मला दिलं. तिचा नंबर दुसऱ्या खोलीत. आम्ही एकमेकींना बघून हसलो, ती म्हणाली, "किती काळी झालीस गं." तेवढ्यात घंटा झाली.

ते सेंटर कुठल्या शाळेत होतं, हे सांगण्यात अर्थ नाही. त्या काळात बरीच सेंटरं तशी होती. खिडकीला माणसं लोंबकळलेली असायची. चेंडू करून कागद आत यायचे. पाणी पाजणारा माठाबरोबर उत्तरंही फिरवायचा. कुणाच्या बाहीत, कुणाच्या मोज्यात, कुणाच्या वेणीत. मी मराठीचा, हिंदीचा, गणिताचा पेपर नुसत्या डोक्यावर दिला. त्या विषयांना आमच्याकडं पान चालत नव्हतं. ते फक्त सरांच्या पेपराला. आजूबाजूचं बघून मला किळस यायची. मनात म्हणायची, आमच्या सरांच्या वर्गात हे एकाला चाललं नसतं.

इतिहासाच्या पेपराला मी पान काढलं, हातानं सरळ केलं, आणि बाकावर डाव्या हाताला ठेवलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर कंपासपेटी ठेवली, पण अक्षर झाकणार नाही अशी कडेला.

मला मागाहून कळलं ते इथंच सांगते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्याच तासाला सरांनी दहावीच्या वर्गाला सांगितलं होतं की बोर्डाला पान चालत नाही. ते फक्त आपल्या घरातलं होतं. नंतर त्यांनी सगळ्यांची पानं जमा करून कपाटात ठेवली आणि सराव परीक्षा पानाशिवाय घेतली. वर्षभर असणाऱ्यांना ते माहीत. आमच्यातली जी पावसाळी पोरं आधी परत आली, त्यांना वर्गातच कळलं. मी एकटीच फडावरून सरळ बाकावर येऊन बसले होते. सरांना वाटलं, मैत्रीण सांगेल. मैत्रीण पुढं रडत म्हणाली, "हे काय सांगायचं असतं का गं? बोर्डात कोण उघडं ठेवतं?"

सुपरवायझर दोन ओळी सोडून माझ्याजवळ आले. पान बघून थांबले.

"हे काय?"

"माझं पान, सर."

ते खाली वाकले. हळूच म्हणाले, "आत घाल."

"लपवायचं नसतं, सर."

मी चेष्टा करते आहे की काय, म्हणून त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. मागच्या बाकावरची पोरगी फिदीफिदी हसली. "अगं येडे, आत घाल म्हणायलेत," ती म्हणाली. तिच्या स्वतःच्या ओढणीला कागद टाचलेला होता. मला वाटलं, सुपरवायझरांना अक्षर नीट दिसत नसेल, तपासायला पान हवं असेल. म्हणून मी ते त्यांच्या बाजूला थोडं फिरवून ठेवलं. ते खिडकीपाशी गेले आणि परत माझ्याकडं बघितलं नाही.

मी दुसरा प्रश्न सोडवत होते तेव्हा बाहेर ओरडा झाला, "गाडी आली, गाडी आली." खोलीत एकदम सळसळ उठली, पाखरं उडावीत तशी. कागद खिडकीबाहेर गेले, फरशीवर पडले, एकानं तोंडात घालून चावायला घेतला. पाणी पाजणारा माठ ठेवून नाहीसा झाला. मी हलले नाही. मला हलायचं काही कारण नव्हतं. मी लिहीत राहिले.

स्क्वॉडचे साहेब आत आले. पायाखाली चिठ्ठ्यांचा सडा, पण त्या कुणाच्या, ते कसं सांगणार? सगळ्यांचे हात मोकळे. एकट्या माझ्या बाकावर पान. ते सरळ माझ्याकडं आले.

"कुणाचं आहे हे?"

मी उभी राहिले. वर्गात उत्तर देताना राहायची तशीच, हात मागं बांधून.

"माझं आहे, सर. मीच लिहिलंय. माझ्या हातानं."

कुणीतरी हसलं. साहेबांना ते आवडलं नाही, म्हणजे माझं बोलणं. त्यांनी पान उचललं, पालथं केलं. मागं काट्याच्या पावत्या, ट्रकचे नंबर, उसाची वजनं. "चिटोऱ्यांची चादर केलीय की," ते सुपरवायझरांना म्हणाले. माझा पेपर काढून घेतला. मला बाहेर आणून एका टेबलाशी बसवलं आणि एक कागद भरून घेतला. त्यावर सही करायला लावली. सही करताना मी विचारलं, "उरलेला पेपर कधी लिहायचा?"

सुपरवायझर म्हणाले, "बाळ, तुझं झालं आता." तेवढं एकच वाक्य ते मायेनं बोलले.

पाडव्यानंतर दादा-आई आले. त्यांना आधीच कळलं होतं. गावात त्या वेळेला माझ्याहून मोठी बातमी नव्हती. शाळेतली कितीतरी पोरं त्याच सेंटरवर चिठ्ठ्या वापरून सुटली होती, पण नाव माझं आणि सरांचं झालं. "मास्तरची पट्टशिष्य," म्हणायचे. आईनं पिठाचा डबा उघडून आत बघितला. पान परत आलं असेल असं तिला वाटलं असावं.

मग सुनावणीचा कागद आला, औरंगाबादला हजर राहा म्हणून. दादा म्हणाले, "कशाला? जायचं न् अजून बोलून घ्यायचं?" तेव्हा सर आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. अंगणात उभे राहून म्हणाले, "दादा, मी घेऊन जातो. माझ्यामुळं झालंय. मी सांगतो त्यांना."

दादांनी त्यांना बसा म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. आईनं मात्र आतून तांब्या भरून आणला आणि सरांच्या हातात दिला. सर पाणी प्याले. आमच्या घरात तेवढं एक चांगलं झालं.

औरंगाबादला भिंतीभिंतींवर नामांतराच्या घोषणा रंगवलेल्या होत्या, बाजूच्या आणि विरोधातल्या, एकावर एक. सर एकही न वाचता चालले होते. मी त्यांच्या मागं.

टेबलामागं तिघं जण बसले होते. वाईट माणसं नव्हती. एकानं मला पाणी दिलं, बस म्हटलं. माझं पान त्यांच्यासमोर होतं, दोऱ्यानं माझ्या पेपराला बांधलेलं.

"हे कुणी लिहून दिलं तुला?"

"कुणी नाही. मीच लिहिलं."

"नीट आठव. परीक्षेत कुणी तुझ्या बाकावर टाकलं असेल, तुला माहीतही नसेल. तसं असलं तर तुझा दोष उरत नाही."

ते मला दार उघडून देत होते. ते मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, माझ्या पानावर कुणीतरी आळ घ्यायलंय. दुसऱ्याचं पान आणणं म्हणजे केवढी लाज, हे मी दोन वर्षं शिकले होते.

"न्हाई सर, माझंच हाय," मी म्हणाले. तोंडातून गावची बोली आली.

मग त्यांनी मला कोरा कागद दिला आणि चार ओळी लिहायला सांगितल्या. माझ्या ओळी आणि पान शेजारी धरून तिघांनी बघितलं. एक जण म्हणाले, "अक्षर हिचंच आहे."

सरांच्या वर्गात हे वाक्य झालं की लाल टिंब मिळायचं. मी नकळत सरांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

नंतर सर उभे राहून बोलले. चूक माझी आहे, ही पद्धत माझ्या वर्गात आहे, ही मुलगी ऊसतोडीवर होती, बोर्डाला हे चालत नाही हे हिला सांगायचं राहिलं. तिघांनी ऐकून घेतलं.

"बोर्डाच्या नियमात अशी पद्धत आहे का?"

"नाही."

"मग?"

"तिनं लपवलं नव्हतं साहेब. एवढं तरी बघा."

"लपवलं नव्हतं म्हणून तर सापडली, गुरुजी," ते म्हणाले. त्यात कुचेष्टा नव्हती. तेही थकलेले होते.

परीक्षा रद्द झाली, आणि पुढच्या परीक्षांनाही काही काळ बसता येणार नाही असा कागद घरी आला. दादांना मी वाचून दाखवला. "झाला इम्तेहान," ते म्हणाले. दसऱ्याच्या आत झरीच्या पोराचा कोयता पुरा झाला. मी रडले नाही, कबूल केलं होतं म्हणून. सरांनी तिथं बोललेलं सगळं त्यांच्यावरच आलं. शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना निमित्तच हवं होतं. पुढच्या पावसाळ्यात मी माहेरी आले तेव्हा व्हरांड्यात सायकल नव्हती, आणि सर कुठं गेले ते कुणाला सांगता आलं नाही, किंवा सांगायचं नव्हतं.

पुढं बऱ्याच वर्षांनी, नामांतर झालं तेव्हा आम्ही इकडं या कारखान्याच्या तळावर होतो. रेडिओवर बातमी आली. टोळीतल्या सरांच्या समाजाच्या माणसांनी साखर वाटली. आमच्यातल्या काहींनी हात मागं घेतला. मी ओंजळ पुढं केली. ती साखर खाताना मला सरांशिवाय दुसरं काही आठवलं नाही. ते जिथं असतील तिथं कुणी त्यांच्या हातावर साखर ठेवली असेल का, एवढंच मनात येत होतं.

एक सांगायचं राहिलं. सुनावणीहून परत येतानाचं.

एसटीत आम्ही शेवटच्या सीटवर बसलो होतो. सर खिडकीशी. जिंतूरच्या अलीकडं कधीतरी ते म्हणाले, "काय काय लिहिलं होतंस पानावर?" बहुतेक मला बरं वाटावं म्हणून.

मी सांगायला लागले. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. नद्या, मग त्यांची खोरी, मग लढाया, मग तह. कुठली पावती कुठं चिकटवली होती, कुठल्या जोडावर शाई फुटली होती, तेही डोळ्यांसमोर होतं. पिठाचा वास येत होता. मी एकेक ओळ म्हणत गेले, कुठं अडले नाही. सर आधी खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी मान माझ्याकडं वळवली. मी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत आले आणि थांबले.

"सगळं पाठ होतं तुला," ते म्हणाले.

"हो."

"पेपर लिहिताना पानाकडं बघितलं होतंस?"

मी आठवून बघितलं. "न्हाई सर. बघावं लागलंच न्हाई."

एसटी कुठल्याशा फाट्यावर थांबली. एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन चढली. कंडक्टर तिच्याशी भांडला, मग घंटी मारली. गाडी पुन्हा सुरू झाल्यावर सरांनी विचारलं, आवाज इतका हळू की मला वाकावं लागलं.

"मग ठेवलं कशाला, बाई?"

"तुमीच म्हणाले होते ना सर," मी म्हणाले. "डाव्या हाताला ठेवायचं."

सरांनी मान फिरवून तोंड खिडकीकडं केलं. आमच्या गावचा फाटा आला तेव्हा मी उठले, जाते म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण तोंड काही वळवलं नाही. गाडी झरीकडं निघून गेली आणि मी रस्त्यावर उभी राहिले. डावा हात रिकामा होता. तो कुठं ठेवावा, ते मला कळेना.